मापांची वही

उदगिरात, किल्ल्याच्या वाटेवर, माझ्या दुकानात
अठ्ठावीस वह्या आहेत मापांच्या.
पेपरचा पोरगा आलता. म्हणाला, तुमच्याकडं त्याची काय आठवण?
मी म्हणालो, आठवण नाही. मापं आहेत.

बिरादार मन्मथ, पाचवी. खाकी चड्डी.
कंबर बावीस. बाप डेपोत ड्रायव्हर,
काउंटरला टेकून बोलला,
"मास्तर, आतून माया सोडा दोन इंच. लेकरू वाढतंय."
सोडली. ती चड्डी सातवीपर्यंत उसवत गेली.

बारावीला एकटाच आला, हातात कापड नाही.
"खुर्चीवर बसवून मापा मला. बूड ते टाळू.
मग मांडी. मग पाय, टाचेपर्यंत."
बसल्या माणसाचं माप मी कधी घेतलं नव्हतं.
विमानात माणूस मापात बसावा लागतो म्हणे,
कमी नको, जास्तही नको.
आम्ही इंचातले, त्याला पाहिजे सेंटीमीटर;
टेप उलटा धरून वाचला,
दोघांनीही श्वास कोंडून.

पुढं निळा गणवेश तिकडंच शिवला कुणीतरी.
चांगला शिवला होता.
उजवा खांदा जरा उतरता. मी बोललो नाही.

बहिणीच्या लग्नाला शेरवानी टाकली माझ्याकडं.
उंची घेतली, वही बघितली, परत घेतली.
पाऊण इंच उणा.
तिशीतला गडी कमी कसा होईल?
तो हसला. "टेप ताणलाय तुमचा, मास्तर."
मी टेप बदलला. नवा, पितळी टोकाचा.

दोन वर्षांनी कळलं: जळत्या विमानातून
खुर्चीसकट वर फेकला गेलता,
मणके बसले एकमेकांवर.
बापालाच सांगितलं नव्हतं,
मला कशाला सांगेल.

आता तो वर आहे.
संध्याकाळी सात चोवीसला वायव्येकडून निघतो,
चार मिनिटं दिसतो, लुकलुकत नाही,
डेपोच्या पाठीमागं विझतो.
तिथं वजन नसतं म्हणे, मणके मोकळे होतात,
माणूस दीड-दोन इंच वाढतो.
पाऊण गेला, दोन आले.
वहीत पेन्सिलीनं लिहिलंय, पेननं नाही;
खाली उतरला की परत बसतात म्हणतात.

एक विचारायचं होतं. कुणाला विचारू?
ते पांढरं, जाडजूड, शिवण न दिसणारं
ज्यानं कुणी शिवलं,
त्याच्या काउंटरला टेकून
कुणी बोललं असेल का,
आतून माया सोडा म्हणून?