भिंगाखाली

मोहाडीच्या पॅकहाऊसमध्ये माझं काम एवढंच:
घड उचलायचा, देठाला धरून उजेडात फिरवायचा,
दहापट भिंग डोळ्याला लावून
दाण्यांच्या सांदीत कुणी राहतं का, बघायचं.
पिठ्या ढेकूण. फुलकिडे. लाल कोळी.
एक निघाला तर क्रेट बाजूला.
इथे नाही निघाला आणि तिकडे रॉटरडॅमला निघाला
तर अख्खा कंटेनर.

आठ तास किडा नसलेलं बघायचं.
मग रात्री किडे येतात.

आधी मुंग्या आल्या.
तोंडात कणीएवढं काही पांढरं धरून
उशीवरून चालत गेल्या,
मला ओळख दिली नाही.
सकाळी नळावर हौसाबाई निकमांना सांगितलं.
हौसाबाई एकवीस वर्षं नोटप्रेसमध्ये मोजणीला होत्या,
त्यांच्याकडे प्रत्येक स्वप्नाचा भाव ठरलेला.
मुंग्या म्हणजे पैसा. काळ्या असतील तर आपला,
लाल असतील तर दुसऱ्याचा.
ढेकूण म्हणजे घरातलंच माणूस.
गांधीलमाशी म्हणजे नणंद, यात शंकाच नको.
झुरळ म्हणजे तोंडापर्यंत येऊन राहिलेली गोष्ट.
"आणि पांढरा, कापसासारखा, पाय न दिसणारा?"
त्यांनी भरलेली बादली सरकवली, रिकामी लावली.
"तसला आमच्या वेळी नव्हता."

मागच्या मार्चमध्ये एक कंटेनर अडकला होता.
कागदावर टेबल सतरा.
सतरावर त्या आठवड्यात रेवू थेटे,
पण त्या दुपारी तिला कणकण होती, ती पायरीवर बसलेली,
आणि तिचे चाळीस क्रेट मी काढले,
भराभर, कारण घरी गॅस संपलेला
आणि डोळ्याला भिंग असलं तरी डोक्यात सिलिंडर.
सुपरवायझरनं सगळ्यांसमोर विचारलं
तेव्हा रेवू माझ्याकडे बघत होती.
मी घड बघत होते.

आता ती म्हणे द्वारकेजवळ साड्यांना फॉल लावते.
कंपनीची बस उपनगरहून निघते, द्वारकेला हमखास अडते,
तेव्हा मी डावीकडे बघते.
दुकान उजवीकडे आहे.

तो पांढरा आठवड्यातून दोनदा तरी येतो.
टेबल सतरावर बसतो, माझी टोपी घालून,
माझं भिंग घेऊन.
मी सांदीत. अंगभर पिठूळ मेण,
पाय पोटाशी घेतलेले.
तो घड फिरवतो. उजेड येतो, सरळ माझ्यावर.
तो बघतो. बराच वेळ बघतो.
मला वाटतं, आता चिमटा.
पण तो म्हणतो, "ओके,"
आणि पुढे सरकवतो.
मग पुठ्ठ्याचं झाकण, मग थंडी, एक अंश,
मग नुसती घरघर, दिवसच्या दिवस.

हौसाबाईंना यातलं निम्मंच सांगितलं.
टेबलाचा नंबर नाही सांगितला.
त्या कधी नव्हे त्या गप्प झाल्या, नळ वाहत राहिला.
मग म्हणाल्या, "बंडलात एक नोट कमी भरली
की हॉलची दारं बंद. सापडेपर्यंत कुणी घरी नाही.
एकदा सापडली, पण भलत्याच बाईच्या टेबलाखाली.
ती रडली. मी डबा खाल्ला.
त्या वर्षी मला वाळवी दिसायची. खुर्चीला, दाराला,
एकदा माझ्या करंगळीला."
"त्याचा अर्थ काय?"
"अर्थ कसला. वाळवी."
आणि नळ बंद करून निघून गेल्या,
बादली अर्धीच भरलेली.

आज सिग्नल लांबला.
ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळत होता.
मी उजवीकडे पाहिलं.
शटर अर्धं वर,
आत स्टुलावर रेवू,
उजेडाकडे तोंड करून, एक डोळा मिटून
सुई दुसऱ्या डोळ्याला भिडवलेली,
अगदी आम्ही धरायचो तशी.
दोरा जात नव्हता.
तिनं तो ओठांत ओला केला, पुन्हा धरला,
आणि सुईच्या नाकातून
तिला बस दिसली असेल, नसेल.