अडतीस टक्के साम्य

मे महिना. कूलरमध्ये दोन बादल्या ओतून
मी पेपर उघडते. नाव नाही,
फक्त ए-सत्तेचाळीस-शून्य-सहा.
नावं विद्यापीठाने कुठे ठेवलीत कोण जाणे,
त्यांनाही निकालाच्या दिवशीच आठवतील.

कोपऱ्यात लाल चौकट : साम्य अडतीस टक्के.

"प्रदूषण म्हणजे पर्यावरणाच्या घटकांत
होणारा अनिष्ट बदल होय."
लाल.
त्रेसष्ट पेपरांत हे वाक्य लाल आहे.
स्रोत : याच कॉलेजचा विद्यार्थी, दोन हजार एकोणीस.
त्याला ते मी सांगितलं होतं.
मला घाटोळे सरांनी,
धरमपेठेतल्या नऊ नंबरच्या खोलीत,
पंखा बंद करून, कारण पंख्याने त्यांच्या
पिवळ्या नोट्स उडायच्या.
"पूर्णविराम. पुढे लिहा."
सरांनी कुठून आणलं
ते विचारायची रीत नव्हती.

पान पाचवर एकाएकी पांढरं.
यंत्र जग धुंडाळून रिकाम्या हाती आलेलं :

"आमच्या खसाळ्यात माझी आई कुरडया
मच्छरदाणीच्या आत वाळू घालते,
कारण वरून राख येऊन राहिली असते.
तरी खाताना दाताखाली कचकन लागते."

येऊन राहिली असते.
प्रमाण भाषेची खूण करायला माउस नेला
आणि तिथेच थांबले.

मागून दुसरा बाक.
कोराडीची धुराडी जिच्या मागच्या दारातून दिसतात
आणि तरी फेब्रुवारीत जी दोन दिवस मागायला आली होती :
"मॅडम, लाइट नव्हती."

अडतीस टक्क्यांत बिनघोर होती पोरगी,
त्रेसष्टांतली कुणीही.

नियम आहे : विद्यार्थी ओळखू आल्यास कळवावे.
फॉर्म आहे. कसे ओळखले, शंभर अक्षरांत.
लिहिलं, "कुरडयांवरून." खोडलं.
लिहिलं, "क्रियापदावरून."
तेही खोडून यादीतलं "इतर" निवडलं
आणि पाठवून दिलं.

पेपर दुसऱ्या परीक्षकाकडे गेला.
त्याचंही नाव झाकलेलं. पण शेऱ्यांना हिरवा रंग देणारा
आमच्या स्टाफरूममध्ये एकच, भुजाडे.
आठवड्याने पाहिलं.
लाल ओळींना त्याने हात लावला नव्हता,
चाळीसच्या आत चालतं.
पांढऱ्याखाली मात्र हिरवी रेघ :
"विधानास संदर्भ द्यावा." दोन गुण वजा.

त्याचंही चुकलं नाही. मीही असंच शिकवते.

रात्री पाणी आलं का बघायला गच्चीवर गेले.
झिंगाबाई टाकळीतल्या सगळ्या टाक्या काळ्याच,
तरी आमच्या झाकणावर बोट फिरवलं,
दिव्याखाली धरलं,
गाऊनला पुसलं.

संदर्भ द्यायचा तर आधी आडनाव,
मग नाव,
मग कंसात साल. म्हणजे दर साल,
होळीपासून मृगापर्यंत.
आईचं नाव प्रवेश अर्जावर आहे,
तिसऱ्या रकान्यात, पोरीच्याच अक्षरात.
निकाल लागेपर्यंत
ते मला उघडता येत नाही.