पत्र्याचे आकडे

पहिली फेरी आम्ही न खेळताच जिंकलो.
बेटावरची बोट वाऱ्याने अडली,
रेफरीने अर्धा तास घड्याळ पाहिलं;
एंडेलने तेवढ्यात जाळ्यातली भोकं शिवून घेतली.

दुसरीला चिठ्ठी निघाली ताल्लिनची.
त्यांची बस आमच्या लाकूडगिरणीच्या
फाटकातून आत येईना.
सातव्या मिनिटाला पहिला गोल. पुढचं मोजणं वाइकेकडे,
टपाल वाटणारी वाइके, शिडीवर,
खिळ्याला पत्र्याचे आकडे अडकवत.

नऊच्या पुढे तिच्याकडे पत्राच नव्हता.
दहावा झाला तेव्हा तिने खाली पाहिलं,
जणू आम्हीच काही सुचवू.
मग नऊच राहू दिला,
चौदा होईपर्यंत.

शेवटी शेवटी कॉर्नरवरून आलेला चेंडू
तार्मोच्या, दिवसभर भुसा भरणाऱ्या तार्मोच्या,
गुडघ्याला लागला, आणि ध्यानीमनी नसताना
आत.
आमच्या बाजूचा एक
वाइकेने पिशवीतून काढला, पदराला नाही,
कोटाच्या बाहीला पुसला.
त्याचा रंग अजून ओला वाटावा इतका नवा.

चषकाचं असंच, एकदा हरलं की घरी.
आम्ही तर घरीच होतो.

अजून कुणी विचारलं तर गाव सांगतं, नऊ-एक.
पाटीवर तसंच होतं.