बोंडं

छत्रीची दांडी मोडली तेव्हा
सुवार्तानं तिची नळी कापून ठेवली.
मी म्हटलं होतं, भंगारात दे.
आज ती नळी माझ्याच हातात आहे,
समोर सूप, सुपात अंबाडीची बोंडं,
देवकाबाईच्या धुऱ्यावरची,
पऱ्हाटीच्या कडेनं उगवलेली,
काळपट लाल, तोंड मिटून बसलेली.

देठाकडून नळी लावायची, दाबायची.
हिरवी बोंडी टक्कन बाहेर,
लाल पाकळ्या बोटांत.
टक्. टक्.
सोळा वर्षं सायकलींचे ट्यूब जोडणारी बोटं,
सोल्यूशननं काळी,
लाल कधी झाली नव्हती.
रिबका विचारते, बाबा, लागलं का?
नाही पोरी. उद्या नाताळ आहे.

सुवार्ता उपकेंद्रात.
बेलसऱ्यांची सून अडली आहे, पहिलटकरीण.
गाडी परतवाड्याहून निघाली म्हणतात,
सात वाजल्यापासून म्हणतात.

फोन लागतो, तुटतो, लागतो.
"पाणी कमी टाकजो, बोंडं बुडतीन एवढंच.
हिरव्या बोंड्या फेकू नोको,
अलग उकडजो, त्याइचं पाणी चिकट येते,
त्याच्यानंच आळते, आन् गूळ मंग—"
मागे कुणीतरी कण्हतं.
"थांब जरासी," ती म्हणते.
मला की तिला, कळत नाही.
मी थांबतो.

माझ्या मायची अंबाडी म्हणजे
लसूण, हिरवी मिरची, तेलात चरचर,
भाकरीवर घेतली की कान गरम.
सुवार्ताच्या माहेरी गूळ,
संत्र्याची साल बारीक चिरून, दोन लवंगा,
कोंबडीच्या रश्श्याशेजारी
पानाच्या कडेला चमचाभर.
लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला दोन वाट्या होत्या.
मी दोन्हींतून बोटं चाटली,
तर दोघीही तीन दिवस बोलल्या नाहीत,
माझ्याशी. आपसात बोलत होत्या.

उकळी येते.
बुडबुडे मला कळतात.
बादलीत ट्यूब बुडवून
मी आयुष्यभर तेच पाहत आलो,
हवा कुठून जाते.
इथे मात्र भोक सापडत नाही,
सगळीकडूनच जाते आहे.
घरभर आंबट वाफ, रिबकाच्या डोळ्यांत पाणी,
तरी ती चुलीपासून हलत नाही.
साल मी जाड चिरली. असू दे.
संत्री वरूडच्या साडूनं पाठवलेली,
त्यातली निम्मी पोरीनं आधीच खाल्ली.

थेंब थंड ताटलीवर टाकायचा,
ताटली वाकडी करायची.
पळाला तर अजून शिजवायचं.
पळतो.
बाहेर थंडी, कुत्रं राखेत शिरून बसलेलं,
देवळातून येणारी पोरं तारा टांगून गेली,
दिवा त्यात नाही, सेल संपले.
पळतो.
हात दुखतो ढवळून.
मग एक मिरची, एकच,
मधे चीर देऊन,
कुणाला न सांगता सोडतो.

साडेतीनला थेंब
ताटलीच्या उतारावर अर्ध्यात थांबला,
जसा माणूस गल्लीत थांबतो
आपण काय आणायला निघालो ते आठवत.
मी ताटली आणखी वाकडी केली.
नाही हलला.
त्याच वेळी फोन.
"झाली. पोरगी. सव्वादोन किलो.
गाडी आता आली, बापा, आता."
आणि ती हसली, किंवा नेटवर्क तुटलं.

पहाटे आली ती डेटॉलच्या वासाची,
चप्पल पायातच,
उलथन्याला लागलेलं बोटानं निपटलं,
जिभेवर ठेवलं, डोळे मिटले.
मी तिच्याकडे पाहत होतो,
गिऱ्हाईक हवा भरून चाक दाबून पाहतं
तेव्हा पाहतो तसा.

"मीठ राह्यलं," ती म्हणाली.
मग परत एक बोट.
"आन् मिरची कोनं टाकली?"
मी बोंड्यांचं भांडं घासू लागलो.

एक वाटी देवकाबाईला. एक बेलसऱ्यांकडे.
"बाळंतिणीले आंबट नोको देऊ," ती म्हणाली,
"सासूले दे. रातभर लय रडली."
आणि तिथेच, पाटावर, भिंतीला टेकून
तिचा डोळा लागला,
तोंडात अजून ते लाल.