खाणीकडे तोंड करून

केबलचं बिल पुन्हा अकरा डॉलरनं वाढलं
तेव्हा आईनं कंपनीचा डबा
भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळून परत पाठवला,
उसनं आणलेलं पातेलं पाठवावं तसा.
म्हणाली, हवेतून फुकट येतंय म्हणतात,
मग तेच घेऊ.

म्हणून मार्चच्या एका शनिवारी मी छपरावर.
खाली शेजारचा कोल्बी,
एका हातात शिडी, दुसऱ्यात सँडविच.
माझ्या खिशात पाना, फोनमध्ये होकायंत्र
आणि कागदावर टिपून आणलेला आकडा:
एकशे सदतीस अंश.
तिकडे शहराचे मनोरे.
मधे एक डोंगर आहे.
वेस्ट व्हर्जिनियात मधे डोंगर असतोच,
फक्त तो कागदावर नव्हता.

धुराड्याला बाबांचा जुना कंस अजून होता,
गंजून विटेशी एकजीव झालेला.
त्याचं तोंड भलतीकडेच,
बंद पडलेल्या खाणीच्या उघड्या कड्याकडे.
तिथे ना मनोरा, ना वस्ती,
एक ससाणा सोडला तर कुणी राहत नाही.
बाबा काही नकाशा बघणाऱ्यातले नव्हते.
मी हसले,
नवा खांब ठोकला, अँटेना योग्य दिशेला लावला
आणि ओरडले, बघ आता!

"काही नाही."
आता?
"निळं."
आता?
"निळंच आहे, रोवीना."

एक अंश इकडे. अर्धा तिकडे.
लहानपणी निदान मुंग्या तरी यायच्या,
मुंग्यांच्या आड कुणीतरी हलायचं
आणि ती बातमी आहे की फुटबॉल
हे आम्ही आमचं ठरवायचो.
आता सगळं तरी, नाहीतर निळं.

दोन तास गेले. कोल्बीचं सँडविच गेलं.
बोटं इतकी गारठली की नट आवळतेय की सोडतेय कळेना.
तो सुटला,
आणि खालून घळीतून आलेल्या वाऱ्यानं
अँटेना सावकाश फिरवला,
शहराकडे पाठ,
खाणीकडे तोंड.

"थांब!"
स्वयंपाकघराच्या खिडकीतून.
"हात लावू नकोस. माणूस आला."

डोंगराचा एक अख्खा खांदा त्यांनी कोळशासाठी कापून नेला,
मागे राहिली कातळाची उभी भिंत.
आमच्या डोक्यावरून जे जे निघून जातं
ते तिच्यावर आपटतं
आणि त्यातलं थोडं इकडे परत फिरतं.
बाबांनी तिथे चौतीस वर्षं घातली.
कंपनी बुडाली, पेन्शन बुडालं,
तिकडून आमच्याकडे कधी काही आलं नाही.
हे मात्र येतं.

नट आवळताना पाहिलं,
नव्या अँटेनाची सावली
जुन्या कंसाच्या गंजावर बरोबर पडली होती.

खाली उतरून विचारलं, तुला माहीत होतं?
"मीच तर खिडकीत उभी असायचे."
मग सांगितलं का नाहीस?
"तू विचारलंस कुठे?
तू तर आकडा घेऊन आली होतीस."

तेरा चॅनल लागले.
दोन धर्मोपदेशक, एक सुऱ्या विकणारा,
जुने घोड्यांचे सिनेमे,
आणि तिला हवा होता तो हवामानवाला,
जो आमच्या ओढ्याचं नाव नीट उच्चारतो.
कोल्बीनं दोनदा मोजले, दोनदा तेराच.

"पानं फुटली की यातले चार जातील,"
आई म्हणाली, मेपलकडे हनुवटी करून.
मग छाटूया का तो?

तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जशी मी केबल कंपनीचीच आहे.
"ऑक्टोबरात येतात की परत."