बूड राहू दे

बाहेर उणे बावीस. आयोवातला जानेवारी,
मक्याची धसकटं बर्फातून दाढीच्या खुंटांसारखी वर आलेली.
काचघराचं दार ढकललं की चष्मा आंधळा होतो.
मी तसाच थांबतो,
आणि आधी वास दिसतो:
ओल्या दगडाचा, किंचित काकडीचा,
आणि त्याच्या तळाशी, खोटं कशाला बोलू,
गावाचा.

अकरा हजार माणसं.
त्यांच्या आंघोळी, खरकटी भांडी, म्हाताऱ्यांची आजारपणं,
कत्तलखान्याची रात्रपाळीची धुणावळ
इथे येते. कुणी कुणाला ओळख देत नाही.
गाळ बसतो, घाण बसते,
पाणी निवळशंख दिसतं आणि तरी
त्यात विरघळून असतं ते उरतंच:
नायट्रोजन, फॉस्फरस,
डोळ्यांना न दिसणारं जेवण.

ते तसंच सोडलं, तर नदीतून नदीत,
पार दक्षिणेच्या आखातापर्यंत जातं,
तिथे हिरवं माजतं, मरतं, कुजतं,
पाण्यातला श्वास पिऊन टाकतं.
कोळंबीला पळायला जागा उरत नाही.
म्हणून इथेच त्याला पंगतीला बसवायचं.

दोन पुरुष उंच, कापडाचे उभे पट्टे
घाई नसल्यासारखे फिरतात.
खाली पाण्यात बुडी,
वर दिव्यांत श्वास,
पुन्हा बुडी.
अंगावर शेवाळ, बोटभर.

व्हर्लिन टेश, एकतीस वर्षं इथलाच,
मला पहिल्या दिवशी म्हणाला,
"हे कामगार सुट्टी मागत नाहीत,
पण उजेड कापलास तर लगेच संप."

एका रविवारी आईला आणलं.
तीन कोट, दोन टोप्या, वर तक्रार.
पट्ट्यांसमोर आली आणि गप्प झाली.
मग हातमोजा काढला.
मी नको नको म्हणेपर्यंत बोट हिरव्यात.

"खाय," म्हणाली.
आमच्या लाओ भाषेत नदीतलं शेवाळ.
लुआंग प्रबांगला, नाम खान उतरली की
गुडघाभर पाण्यात बायका ओळीने वाकायच्या,
दगडावरून उपसायचं, आपटून धुवायचं,
चटईवर पातळ थापायचं,
वर तीळ, लसूण, टोमॅटोच्या चकत्या,
आणि ऊन.
चाळीस वर्षं ती हे बोलली नव्हती.

"तुम्ही तीळ कधी लावता?"
"आई, हे खायचं नाही. कुठल्या पाण्यावर वाढतंय बघ."
"मग याचं करता काय?"
"वाळवून शेतात. मक्याला खत."
"मका कोण खातं?"
"डुकरं."
"आणि डुकरं?"
घरी पातेल्यात फासळ्या शिजत होत्या,
तिनेच सकाळी चढवलेल्या.
"म्हणजे खातोच की," ती म्हणाली,
"फक्त लांबच्या वाटेने."
व्हर्लिनला अर्थ सांगितला.
तो खोकला येईपर्यंत हसला.

खरवडायची वेळ झाली.
पातं टेकवलं, हिरवा लगदा
जाड सायीसारखा दुमडत बादलीत पडू लागला.
मी जोर लावला. कापड दिसू लागलं.
तेवढ्यात दोघं एकदमच ओरडली,
तो इंग्रजीत, ती लाओत,
एकमेकांचं अक्षर न कळता, एकच वाक्य:

सगळं नको काढूस.
बूड राहू दे.

निघताना आईने बोट पुसलं नाही.
गाडीत, खिडकीकडे तोंड करून,
मला वाटलं तिला वाटलं मी बघत नाहीये,
तिने ते नाकाशी नेलं.