पाठीवरची शिवण

निपाणीच्या तंबूत आवाजाची पेटी जळाली होती,
म्हणून भरमा कडोलकर पडद्याशेजारी उभा राहून
जपानी माणसांना बोलतं करायचा.
सेनापतीला कन्नड, पोरीला मराठी,
मंत्र्याला दोन्ही, मंत्र्याला दोन्ही लागतात.

समुद्रातून तो वर आला
तेव्हा भरमानं कर्णा खाली ठेवला.
"ह्याला कुठली भाषा देऊ गा?"

पुढच्या रांगेत वखारीतून सुटलेल्या बायका,
नखांत तंबाखूची पिवळी धूळ.
तो जबडा उघडायचा
आणि तंबूत त्यांचा खोकला ऐकू यायचा.

आगगाडी उचलली त्यानं, विजेचे खांब मोडले,
एक पाटी तुडवली,
न वाचता.
आमच्या चौकातली पाटी त्याच आठवड्यात
दोनदा डांबर खाऊन बसली होती.
कुणीतरी शिट्टी मारली. कुठल्या बाजूची, कळलं नाही.

बॉम्बनं जागा केला म्हणे त्याला.
ज्यांची गावं जळली त्यांनीच
पुठ्ठ्याची इवली घरं उभारली, कौलांसकट,
त्याच्या पायाखाली द्यायला.
असं कुणी का करतं, हे मला
पुष्कळ वर्षांनी थोडं कळलं.

तंगेव्वा तेव्हाच म्हणाली,
"पाठीवरची शिवण दिसली की गा.
आत माणूस हाय. उकडत असंल."
तीस वर्षं तोंडाला फडकं बांधून
ती भुकटी चाळत होती.

शेवटी तो बुडाला. टाळ्या नाहीत.
भरमा म्हणाला, "संपलं." मग, "मुगीत."
माणसं चपला शोधू लागली.
तंगेव्वा बसूनच.

"त्याला भाईर काढून
कुणी पाणी दिलं असंल का?"